पिंजौरच्या खात्यावर

संशोधन मोजायचं असतं, हे मी पगार घेऊन शिकले. चंदीगडमधल्या एका केंद्रीय संस्थेच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. आर्थिक वर्ष संपत आलं की वार्षिक अहवालाचं शेवटचं परिशिष्ट माझ्या टेबलावर यायचं : वर्षभरात छापून आलेले शोधनिबंध. लेखक कोण, नियतकालिक कुठलं, खंड, पानं, आणि शेवटच्या रकान्यात त्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर. एरवी ग्रंथालयाकडे न फिरकणारे शास्त्रज्ञ या दिवसांत जिन्यातच गाठायचे. ‘मॅडम, मेरा एक पेपर रह गया है.’

हा आकडा काढायची पद्धत फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांची. एखाद्या नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला, एवढाच त्याचा अर्थ. उल्लेखांच्या मोजदादीचे त्यांचे जाडजूड खंड आमच्याकडे यायचे. टाइप इतका बारीक की भिंग लागे. पुढे सीडी आल्या, मग सगळं इंटरनेटवर गेलं. गारफिल्ड यांनी हे साधन मुळात कोणाच्या कामाचा धागा कुठे जातो ते शोधण्यासाठी केलं होतं. आपण त्याची पगारवाढीची पट्टी केली.

निवृत्त झाल्यावरही खोड गेली नाही. कुठल्याही विद्यापीठाचा अहवाल हाती आला की मी तो शेवटून उघडते. घानातलं कुमासीचं क्वामे एन्क्रुमा विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ असो, टांझानियात आरूशाची नेल्सन मंडेला संस्था असो किंवा आपलं एखादं कृषी विद्यापीठ, परिशिष्टाची चण तीच आणि त्यातली खंतही तीच. नमुने इथले, रोग इथला, उन्हात हिंडणारी माणसं इथली. निबंधावर पहिलं नाव मात्र बऱ्याचदा दुसऱ्या खंडातलं. मग मोजणाऱ्याने तो निबंध कोणाच्या खात्यावर टाकायचा?

या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण माझ्या घराजवळच आहे. त्याचं एक टोक दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला, एक मुंबईत, एक पाकिस्तानात, आणि मधली गाठ पिंजौरला.

पिंजौर म्हणजे चंदीगडकरांच्या लेखी रविवारची बाग. औरंगजेबाच्या काळात फिदाई खानाने उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली, खालपर्यंत पाणी खेळवणारी. आम्हा नोकरदारांच्या लेखी मात्र पिंजौर म्हणजे एचएमटी. १९६३ साली इथे यंत्रं बनवणारी यंत्रं तयार होऊ लागली, १९७१ पासून ट्रॅक्टर. माझे यजमान त्या कारखान्यात होते आणि आम्ही वसाहतीत राहायचो. ट्रॅक्टरचा कारखाना २०१६ साली बंद करायचं ठरलं, आम्ही मात्र पिंजौर सोडलं नाही. चंद्रपूरची मुलगी कालक्याजवळ कशी काय रुजली, याचं नातेवाइकांना अजून नवल वाटतं.

बाग आणि कारखान्यापलीकडची पिंजौरची तिसरी ओळख मला ग्रंथालयात कळली. भूगर्भशास्त्राच्या जगभरच्या निबंधांत ‘पिंजोर’ हे नाव शंभर वर्षांहून अधिक काळ छापलं जातंय. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या गाय पिलग्रिम यांनी १९१० ते १९१३ या काळात शिवालिक टेकड्यांच्या थरांची क्रमवारी लावली आणि प्रत्येक थराला जवळच्या गावाचं नाव दिलं. चिंजी, नागरी, ढोक पठाण, तात्रोत, पिंजोर. पहिली चार गावं आज पाकिस्तानात, पोटवारच्या पठारावर आहेत. फाळणीनंतर त्या यादीतलं आपल्याकडे उरलेलं गाव पिंजौर. सुमारे २६ लाख वर्षांपासून पुढच्या काळातला हा थर. त्यात हत्तींच्या जुन्या जाती सापडतात, घोडे सापडतात, आणि जिराफाच्या कुळातलं ते भलंमोठं शिवाथेरियमही. दोन देशांचे भूवैज्ञानिक आजही हीच नावं वापरतात, कारण दगडाला व्हिसा लागत नाही.

पिंजौरचं नाव शोधनिबंधांत दुसऱ्यांदा आलं ते गिधाडांमुळे, आणि तेव्हाही निम्मी गोष्ट पाकिस्तानच्या पंजाबात घडली.

सुरुवात होते राजस्थानात, भरतपूरला. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे १८८३ साली स्थापन झालेली आपली बीएनएचएस, ऐंशीच्या दशकात केवलादेव राष्ट्रीय उद्यानात काम करत होती. तिथे विभू प्रकाश हा तरुण संशोधक शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होता. या अभ्यासावर त्याने मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. त्या काळात केवलादेवमध्ये पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची ३५३ घरटी त्याने मोजली होती. गिधाडं कमी होतायत म्हणून त्याने ती मोजली नव्हती. गिधाडं तेव्हा कावळ्यांसारखी होती, त्यांच्याकडे मान वर करून कोणी बघत नसे. डेव्हिड ह्यूस्टन या गिधाडतज्ज्ञाने १९८५ साली लिहिलं होतं की पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड हा बहुधा जगातला सगळ्यात मोठ्या संख्येने असलेला मोठा शिकारी पक्षी असावा. म्हणजे ही घरट्यांची मोजणी एका तरुणाच्या प्रबंधातला एक आकडा, यापलीकडे तिला काही किंमत नव्हती.

दहा वर्षांनी विभू प्रकाश पुन्हा तिथे गेले तेव्हा घरटी निम्म्याहून कमी झाली होती, आणि १९९८-९९ च्या हंगामात उरली वीस. पक्षी झाडावर मान खाली टाकून बसायचे, तासन् तास, आणि मग कोसळायचे. मेलेले पक्षी फांद्यांत लटकत होते. हे सगळं त्यांनी १९९९ साली बीएनएचएसच्या स्वतःच्या जर्नलमध्ये छापलं. हे जर्नल १८८६ पासून निघतंय. सापांच्या नोंदी, कोणाच्या गच्चीवर दिसलेला परदेशी पक्षी, एखाद्या कलेक्टरने पाहिलेला वाघ, हे सगळं तिथे पिढ्यान् पिढ्या छापून आलंय. माझ्या परिशिष्टात तो निबंध आला असता तर शेवटच्या रकान्यात फार काही लिहायला मिळालं नसतं, आणि ज्याचं बढतीचं प्रकरण चालू आहे त्याने तो पाचव्या-सहाव्या क्रमांकावर टाकला असता. पण जगाला पहिली खबर त्याने दिली, आणि त्याचा सगळा जोर त्या जुन्या ३५३ वर होता. तो आकडा नसता तर ‘गिधाडं कमी झालीत’ हे गावगप्पांच्या पातळीवर राहिलं असतं.

२००१ साली हरियाणा वनखातं आणि बीएनएचएस यांनी ब्रिटिश सरकारच्या डार्विन योजनेच्या पैशातून पिंजौरजवळ, बीर शिकारगाहच्या रानाच्या कडेला, गिधाडांसाठी एक केंद्र सुरू केलं. तेव्हा त्याचं काम पैदाशीचं नव्हतं. आजारी पक्षी आणायचे, मेलेल्यांची उत्तरीय तपासणी करायची, आणि मरतायत कशाने ते शोधायचं. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेतले अँड्र्यू कनिंगहॅम, इंग्लंडची पक्षीसंरक्षण संस्था आरएसपीबी, असे लोक बरोबर होते. त्यांचा पहिला संशय साथीच्या रोगावर, बहुधा विषाणूवर होता. मरणाचा नकाशा तसा दिसत होता खरा. देशभर, सगळ्या वयाचे पक्षी, झपाट्याने. संशयाचं बोट औषधाकडे वळायला काही कारणच नव्हतं, कारण गिधाडं औषध घेत नाहीत.

उत्तर सापडलं सरहद्दीपलीकडे. अमेरिकेतले पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि पेरेग्रिन फंड या संस्थेचे लोक पाकिस्तानी पंजाबातल्या तीन वसाहतींत मेलेली गिधाडं तपासत होते. तपासलेल्या २५९ पक्ष्यांपैकी ८५ टक्क्यांच्या काळजा-मूत्रपिंडावर खडूची भुकटी फासावी तसा पांढरा थर होता. मूत्रपिंड बंद पडलं की युरिक आम्ल रक्तातून बाहेर जात नाही आणि अवयवांवर त्याचे स्फटिक जमतात. हा थर त्याचाच. विषाणू सापडेना, कीटकनाशक सापडेना, जड धातू सापडेनात. मग ओक्स यांनी साधा प्रश्न विचारला : गिधाडं ज्या गुरांचं मांस खातात त्या गुरांना मरण्यापूर्वी काय दिलं जातं? गुरांच्या डॉक्टरांकडे आणि दुकानांत चौकशी केल्यावर एक नाव पुढे आलं, डायक्लोफेनॅक. माणसाच्या सांधेदुखीवरचं हे औषध सत्तरच्या दशकात सिबा-गायगी कंपनीने काढलं. नव्वदच्या दशकात ते गुरांसाठी स्वस्तात मिळू लागलं होतं. हा निबंध ‘नेचर’मध्ये १२ फेब्रुवारी २००४ च्या अंकात आला. ओक्स पुढे २०११ साली वारले, जेमतेम पन्नाशीत.

माझा धाकटा भाऊ चंद्रपूर जिल्ह्यात गुरांचा डॉक्टर आहे. त्याला तेव्हा फोनवर विचारलं, एवढं काय आहे या औषधात? म्हणाला, ‘ताई, बैलाचा खांदा सुजला, एक सुई मारली, का दुसऱ्या दिवशी बैल वखराले लागते. शेतकऱ्याले अजून काय पायजे?’ एवढ्या एका वाक्यात त्या औषधाचा सगळा बाजार आला. म्हातारी गाय चार दिवस वेदनेत पडून असेल तर तिलाही तीच सुई. गाय मेली तर गावाबाहेर टाकायची. आमच्या इकडे पंजाब-हरियाणात अशा जागेला हड्डारोडी म्हणतात. पूर्वी तिथे अर्ध्या तासात गिधाडं सांगाडा साफ करायची. एकाच जनावरावर पन्नास-साठ पक्षी बसत असल्याने एक विषारी कलेवर पुरेसं होतं. केंब्रिजचे ऱ्हिस ग्रीन यांनी २००४ सालीच गणित करून दाखवलं की शंभरातल्या एखाद्याही नव्हे, त्याहून कमी कलेवरांत प्राणघातक मात्रा असली तरी गिधाडांचा एवढा ऱ्हास होऊ शकतो. प्रत्यक्षात २००४-०५ मध्ये भारतभरातून गोळा केलेल्या १,८४८ जनावरांच्या यकृतांत सुमारे दहा टक्क्यांमध्ये हे औषध सापडलं. त्या १,८४८ तुकड्यांकडे जरा थांबून बघावं. कोणीतरी हड्डारोड्यांवर आणि कत्तलखान्यांत नाकाला रुमाल लावून जाऊन प्रत्येक तुकडा कापला, बाटलीत भरला, वर चिठ्ठी लावली. निबंधात तो सगळा राबता एका वाक्यात येतो.

फेब्रुवारी २००४ मध्येच दक्षिण आशियातल्या गिधाडांना वाचवण्याचा आराखडा ठरवायला देशोदेशीचे तज्ज्ञ जमले ते परवानूला. पिंजौरहून कालका ओलांडलं की लगेच परवानू. तिथून दोन गोष्टी निघाल्या. डायक्लोफेनॅक गुरांच्या दुकानातून काढा, आणि ते होईपर्यंत तिन्ही जातींचे पक्षी पिंजऱ्यात सुरक्षित ठेवून वाढवा. पिंजौरचं केंद्र पैदाशीचं झालं ते यानंतर. पांढऱ्या पुठ्ठ्याचं, लांब चोचीचं आणि बारीक चोचीचं अशा तीन जाती. तिसरी तर स्वतंत्र जात म्हणून नुकतीच ओळखली गेली होती. नाव मिळतं न मिळतं तोच संपायला आली.

मार्च २००५ मध्ये पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने डायक्लोफेनॅक बंद करायची शिफारस केली. पण दुकानातून एक बाटली काढायची तर तिच्या जागी दुसरी ठेवावी लागते. शेतकरी विचारणार, डॉक्टर विचारणार, औषध कंपन्या तर विचारणारच. आणि दुसरी बाटली गिधाडांना सोसते हे कशावरून? ते सिद्ध करायला गिधाडांनाच ती पाजावी लागणार. आपल्याकडे गिधाडं उरली होती मूठभर. त्यातलं एक जरी प्रयोगात गेलं तरी कोण जबाबदार?

इथे प्रिटोरिया येतं. प्रिटोरिया विद्यापीठाची पशुवैद्यक शाखा ऑन्डरस्टेपूर्टला आहे आणि सबंध दक्षिण आफ्रिकेत पशुवैद्यक घडवणारी ती एकच. ऑन्डरस्टेपूर्टची संशोधन संस्था १९०८ साली आर्नल्ड थायलर या स्विस पशुवैद्यकाने काढली. पिवळ्या तापाच्या लशीसाठी १९५१ साली नोबेल मिळालेले मॅक्स थायलर हे त्यांचे चिरंजीव. भारत आणि दक्षिण आफ्रिकेचं गुरांच्या रोगांवरून असलेलं नातंही याच काळात सुरू होतं. १८९६ मध्ये बुळकांडीने तिकडची गुरंढोरं झोपवली, तेव्हा रॉबर्ट कॉख यांना किंबर्लीला बोलावलं होतं. १८९७ मध्ये तिथून ते थेट मुंबईला आले, प्लेगसाठी, आणि मग कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेतही जाऊन आले. मुक्तेश्वरची ती प्रयोगशाळा मुळात १८८९ साली पुण्यात सुरू झालेली. तीच पुढे बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. शंभर वर्षांनी गिधाडांच्या निबंधावर प्रिटोरिया आणि इज्जतनगर ही दोन्ही नावं एकत्र छापून आली. ग्रंथपालाला अशा गोष्टींनी उगाच आनंद होतो.

प्रिटोरियाचे औषधशास्त्रज्ञ गेरी स्वान आणि त्यांचे तरुण सहकारी विनी नायडू यांच्याकडे एक फार मोलाची गोष्ट होती : आफ्रिकी पांढऱ्या पाठीचं गिधाड. आपल्या गिधाडांचा जवळचा भाऊबंद, त्याच जिप्स प्रजातीतला, आणि तेव्हा तिकडे विपुल. आधी त्यांनी या पक्ष्याला डायक्लोफेनॅकही तसंच मारतं हे दाखवून दिलं, म्हणजे आपल्या गिधाडाच्या जागी तो चालेल हे ठरलं. मग पाळी त्या दुसऱ्या बाटलीची : मेलॉक्सिकॅम. जगभरातल्या प्राणिसंग्रहालयांच्या डॉक्टरांना विचारल्यावर कळलं होतं की सातशेहून अधिक पक्ष्यांना हे औषध दिलं गेलंय आणि त्याने कोणी मेलेलं नाही. तरी पिंजऱ्यातला प्रयोग हवाच. आधी मोजक्या पक्ष्यांना कमी मात्रा, रक्तातलं युरिक आम्ल तपासायचं, वाट पाहायची, मग पुढची तुकडी, मात्रा वाढवून. गिधाडाला रानात मिळू शकेल त्याहून जास्त. शेवटी मेलॉक्सिकॅम टोचलेल्या गुरांचं मांस. सगळे पक्षी जगले. तेव्हा कुठे भारतात, पिंजौरच्या पक्ष्यांना, ते औषध दिलं गेलं. त्या दिवशी केंद्रातल्या लोकांच्या पोटात किती गोळा आला असेल, हे कुठल्याही निबंधाच्या ‘पद्धती’ या मथळ्याखाली येत नाही.

हा निबंध जानेवारी २००६ च्या अखेरीस ‘प्लॉस बायॉलॉजी’त आला. पहिलं नाव स्वान यांचं. पुढे प्रिटोरिया, बीएनएचएस, इज्जतनगर, आरएसपीबी आणि इतर मंडळी. ते नियतकालिक तेव्हा जेमतेम दोन-अडीच वर्षांचं होतं, आणि त्याचं वैशिष्ट्य हे की वर्गणी नाही. कोणीही उघडावं, कोणीही छापून घ्यावं. ‘नेचर’च्या वर्गणीसाठी दरवर्षी वित्त विभागाशी हुज्जत घालणाऱ्या मला याचं फार अप्रूप वाटलं होतं. मी तो निबंध छापून भावाला टपालाने पाठवला. चंद्रपूरच्या गुरांच्या दवाखान्यात ‘प्लॉस बायॉलॉजी’! ११ मे २००६ रोजी औषध नियंत्रकांचं पत्र निघालं की गुरांसाठी डायक्लोफेनॅक बनवायचं बंद.

आता हिशेब करा. प्रिटोरिया विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या अहवालात हा एक निबंध. बीएनएचएसच्या अहवालात तोच एक निबंध. इज्जतनगरच्याही. आमच्या क्षेत्रात या तिहेरी मोजणीवर उपाय म्हणून अपूर्णांकात वाटणी करायची पद्धत आहे : लेखक दहा असतील तर प्रत्येकाला एक दशांश. मी स्वतः तशी कोष्टकं केली आहेत. पिंजौरला त्यातलं काय मिळेल? पिंजौर हे विद्यापीठ नाही, तिथल्या पत्त्यावर पदव्या दिल्या जात नाहीत. पिंजऱ्यात मांस टाकणाऱ्याला लेखकांच्या यादीत जागा नसते, फार तर शेवटच्या आभारांत. आफ्रिकेतल्या विद्यापीठांचं ‘उत्पादन कमी’ असं जेव्हा एखादा अहवाल म्हणतो, तेव्हा मला आधी ही पत्त्यांची वाटणी तपासावीशी वाटते. स्वान-नायडूंचं काम तिथल्या पक्ष्यांमुळे शक्य झालं आणि प्रिटोरियाच्या नावाने पहिलं छापलं गेलं, हे चांगलं झालं. नेहमी असं होत नाही.

केंद्राचं रोजचं काम कशातच मोजता येत नाही. मोठाले जाळीचे पिंजरे, सगळ्यात मोठे सुमारे शंभर फूट लांब, ज्यात पक्ष्याला पंख पसरून उडता येईल. माणसांचा वावर नको म्हणून नजर कॅमेऱ्यांतून. मांसात औषध असू नये म्हणून बोकड आधी आठवडाभर केंद्रातच ठेवायचे आणि मग कापायचे. मादी वर्षाला घालते एकच अंडं, आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. पहिलं अंडं लवकर काढून उबवणयंत्रात ठेवलं तर जोडी कधी कधी दुसरं घालते, ही युक्ती इथे वापरली गेली. पांढऱ्या पुठ्ठ्याची पिल्लं २००८ साली इथे पहिल्यांदा वाढून उडायला लागली. पुढच्या वर्षी बारीक चोचीचं. विभू प्रकाश आणि निकिता प्रकाश या जोडप्याने या रानात कित्येक वर्षं काढली. बाजारात आम्हा वसाहतवाल्यांना ते ‘गिद्धवाले’ म्हणूनच माहीत होते.

या काळात बाहेर काय चाललं होतं? २००७ च्या मोजणीत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं १९९२ च्या तुलनेत हजारात एकच उरली होती. हड्डारोडीवर आता कुत्री होती. आमच्या भागात संध्याकाळी त्या बाजूने सायकलवर जायला माणसं घाबरायची. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली काढलेला अंदाज असा की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची दगावली. सडकी कलेवरं, दूषित पाणी, पिसाळलेली कुत्री. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशांना आपल्या मृतांसाठी आरशांनी सूर्याची उष्णता वळवणारी यंत्रं बसवावी लागली.

पिंजौरमध्ये वाढलेली गिधाडं २०२० मध्ये, पाठीवर उपग्रहाचा ट्रान्समीटर बांधून, पहिल्यांदा रानात सोडली गेली, पांढऱ्या पुठ्ठ्याची आठ. जानेवारी २०२४ मध्ये वीस पक्षी महाराष्ट्रात गेले : दहा पांढऱ्या पुठ्ठ्याची पेंचला आणि दहा लांब चोचीची ताडोब्याला. माझ्या सासरहून माझ्या माहेरी. भावाला फोन केला तर त्याला आधीच माहीत होतं. ‘आता आमच्यावर हाये,’ म्हणाला. त्याच्या दवाखान्यात मेलॉक्सिकॅमच आहे. पण खेड्यातल्या दुकानात माणसांच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी विकल्या जात होत्या. २०१५ मध्ये त्या बाटलीचं माप तीन मिलिलिटरवर आणावं लागलं ते याच चोरवाटेमुळे. बैलाला तीन मिलीच्या किती कुप्या फोडणार?

आणि ज्या आफ्रिकी गिधाडाने आपल्या गिधाडांच्या वतीने परीक्षा दिली, त्याचं नाव २०१५ साली आपल्या तिन्ही जातींशेजारी अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेलं. तिकडचं कारण वेगळं. हस्तिदंताचे चोर मारलेल्या हत्तीवर विष टाकतात, म्हणजे वर घिरट्या घालणारी गिधाडं वनरक्षकांना वाट दाखवणार नाहीत. जून २०१९ मध्ये बोत्स्वानात अशा तीन हत्तींपाशी ५३७ गिधाडं मेलेली सापडली, बहुतेक पांढऱ्या पाठीची. असा प्रयोग करायला तेव्हा विपुल असलेला हा पक्षी आज मिळाला असता का, मला शंका आहे.

माझ्या जुन्या परिशिष्टात एक रकाना कधीच नव्हता : निबंध छापल्यापासून सरकारी अधिसूचना निघेपर्यंतचा काळ. निवृत्तीत वेळ आहे, म्हणून आता तो मी एका वहीत, गुरांच्या एकेका वेदनाशामक औषधासाठी, भरते. डायक्लोफेनॅक : फेब्रुवारी २००४, मे २००६. दोन वर्षं, तीन महिने. सरकारी मानाने हे धावतच म्हणायचं. केटोप्रोफेन : विनी नायडू आणि सहकाऱ्यांनी ते गिधाडांना मारतं हे प्रिटोरियाहून २०१० च्या अंकात छापलं, बंदी जुलै २०२३. तेरा वर्षं. असेक्लोफेनॅक गुराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतं, हे २०१६ मध्ये छापून आलं; बंदी त्याच जुलैत, सात वर्षांनी. निमेसुलाइडची अधिसूचना डिसेंबर २०२४ च्या अखेरीस निघाली. फ्लुनिक्सिनची ओळही लिहून ठेवली आहे. स्पेनमध्ये रानातल्या एका गिधाडाच्या मरणाशी त्याचा संबंध जोडणारा निबंध आहे, त्याचा तपशील भरला आहे. शेजारचा रकाना हे लिहिताना रिकामा आहे.